करंजाखाली कोणी नव्हतं

शेत विकायला आईने होकार दिला, पण एका अटीवर. गोडाऊनवाल्यांचा माणूस कागद घेऊन ओटीवर बसला होता. चहा झाला होता. काकांनी सही केली, मी केली. कागद आईपुढे सरकवला तेव्हा तिने हात पदराखाली घेतला.

"सही करीन. पन आदी माज्या पोराला तितून काडायचा. त्याच्या अंगावर कोनी लादी टाकलेली मला चालनार न्हाय."

त्या माणसाला काही कळलं नाही. तो माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, "हो आई, काढू." इतक्या पटकन म्हटलं की आज आठवलं तरी लाज वाटते. मला वाटलं होतं, कुदळीचे दोन घाव घालायचे, मूठभर माती उचलायची, नारळ फोडायचा, झालं.

तिचं पोर म्हणजे माझा मोठा भाऊ. मी त्याला पाहिलेलं नाही. माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधी, ऐन श्रावणात, हगवण लागून तो गेला. सव्वा वर्षाचा होता. आमच्यात एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. वडिलांनी त्याला आमच्याच शेताच्या कोपऱ्यात करंजाच्या झाडाखाली पुरलं, हे मी कळत्या वयापासून ऐकत आलो. बायका तेव्हा बरोबर जात नसत, आई घरातच होती. पुढे शेतावर जेवायला बसलो की ती पहिला घास उचलून करंजाखाली ठेवायची आणि मग आम्हाला वाढायची. सुक्या बोंबलाचा चांगला तुकडा असला तर तोसुद्धा तिकडेच जायचा. मला लहानपणी त्या न पाहिलेल्या भावाचा राग यायचा.

आमचं गाव भिवंडीहून कशेळीकडे जाताना लागतं. आजूबाजूची शेतं एकेक करून गोडाऊनं झाली, त्यांचा भराव उंच झाला आणि सगळं पाणी आमच्या खाचरात साचू लागलं. भात लावणं आम्ही कधीच सोडलं होतं. माझं कामतघरला लूमच्या सुट्या भागांचं दुकान आहे, काका निवृत्त झालेले, वडील जाऊन सहा वर्षं झालेली. शेत ठेवून करायचं काय, हा प्रश्न आम्हाला कोणालाच पडला नव्हता. फक्त आईला पडला.

पोलीस पाटील आमच्याच आळीतले. त्यांना सांगायला गेलो तेव्हा त्यांनी मला खाली बसवलं. "असं कुदळ मारून चालत नाही," ते म्हणाले. "उद्या कोणी बोललं, यांनी कोणाचं पोर मारून पुरलं होतं, तर काय सांगशील? पंचायतीत अर्ज दे. खोदताना मी स्वतः उभा राहतो." अर्ज दिला. त्यात विषय काय लिहायचा ते सुचेना. शेवटी 'मयत भावाच्या अस्थी हलविणेबाबत' असं लिहिलं. भाऊ हा शब्द मी त्याच्यासाठी पहिल्यांदा वापरत होतो.

खोदायला शेलार गावाच्या पुढच्या एका पाड्यावरचा म्हातारा आणला. आयुष्यभर विहिरी, पाये, शोषखड्डे खोदलेला माणूस. बोलायला कमी. कुदळ, फावडं, घमेलं आणि एक लहान खुरपी, एवढं घेऊन तो सकाळी आठला येऊन बसला. आईला मी रिक्षाने आणलं आणि सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. तिने पिशवीत नवा मांजरपाट, हळदकुंकू, नारळ आणि दूध आणलं होतं. मांजरपाट तिने स्वतः धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवला होता. काका माझ्याशेजारी उभे होते. ते सकाळपासून काहीच बोलले नव्हते, पण तेव्हा मला त्यात विशेष वाटलं नाही.

दोन फूट गेले. तीन फूट गेले. म्हाताऱ्याने खड्डा रुंद केला. मग तो थांबला आणि खड्ड्याच्या भिंतीकडे बघत उभा राहिला. खुरपीने त्याने ती भिंत वरून खाली खरवडली, हाताने झाडली.

"सायब, ही माती कोनी खोदलेली न्हाय."

"चाळीसच्या वर वर्षं झाली, बाबा. दबली असेल."

"दबली तरी कलते." त्याने खुरपीचं टोक टेकवून दाखवलं. "ही वरची काळी. ही खालची पिवळी. तिच्याखाली मुरूम. तिन्ही येगळे. एकदा खोदून भरली का काळी नि पिवळी मिसळते, मंग कदी येगळी व्हत न्हाय. ही पडली तशी हाय."

"बाजूला असेल मग," मी म्हटलं.

त्याने बाजूला खोदलं. तिथेही तेच. झाडाच्या दुसऱ्या अंगाला खोदलं. तेच. पोलीस पाटील मोबाइलवर वेळ बघू लागले. मी मागे वळलो तर काका शेजारी नव्हते. ते बांधावरून नाल्याकडे चालले होते.

"भावजी," आईने हाक मारली. मोठ्याने नाही. काका थांबले. "भावजी, तुमी व्हतात ना यांच्याबरोबर? तुमी सांगा कुटं ठेवला."

काका परत आले ते तिच्या खुर्चीपाशी येऊन जमिनीवर बसले. साठी उलटलेला माणूस, इस्त्रीच्या पँटीत, मातीत बसला.

"वयनी, इथं न्हाय तो."

आईने पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"त्या दिवशी शेतात गुडघ्यावर पाणी व्हतं. दादानं इथंच खोदायला घेतलं. खोदावं तसं पाणी भरायचं. दादा हातानं पाणी उपसत व्हता नि पोर माझ्याकडं. मी अठरा वरसांचा. दादा बोलला, पान्यात कसा ठेवू, तरंगंल तो. मंग आमी माळावर गेलो. पावसात सगळेच तिकडं नेयाचे. दादानं मला शपथ घातली. बोलला, तिला सांगू नको. तिला वाटू दे आपल्या शेतात हाय."

माळ म्हणजे नाल्यापलीकडची उंच जागा. ती कधीच आमची नव्हती. पंधरा वर्षांपूर्वी तिथे गोडाऊन झालं.

म्हाताऱ्याने बिडी काढली होती, ती त्याने न पेटवता परत कानावर ठेवली.

"मंग मी इतकी वरसं घास कोनाला घालीत व्हते?" आई म्हणाली.

ती उठली. मी रिक्षाला फोन लावत होतो तोवर ती पिशवी घेऊन बांधावरून चालायला लागली. मी मागे धावलो तर तिने हाताने मला मागे सारलं. घरापर्यंत सगळी वाट ती पायी गेली, आणि तिचे गुडघे कसे आहेत ते मला माहीत आहे.

पुढचे चार दिवस घरात चालणं कठीण झालं. ती रडली नाही. जेवायला बोलावलं की यायची, दोन घास खायची, उठायची. वडिलांचा फोटो ती रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायची, तो पुसणं तिने बंद केलं. चौथ्या दिवशी माझ्या बायकोने फडकं घेतलं तेव्हा आई म्हणाली, "राहू दे."

मला वडिलांची बाजू कळत होती. ती मी मांडायला गेलो, हे माझं चुकलं. मी म्हटलं, "आई, त्यांनी तुझ्या चांगल्यासाठीच केलं ना. तुला त्रास नको म्हणून."

"एकदा बोलला असता तर मी बी तसंच म्हटलं असतं," ती म्हणाली. "पन तो एकदा न्हाय बोलला. मी करंजाखाली घास ठेवायची तवा तो माझ्याशेजारी उभा राहून हात जोडायचा. दर खेपेला. मी त्याच्या तोंडाकडं बघायची. मला वाटायचं, याला बी माझ्याएवढंच लागलंय."

"लागलं असेलच की."

"असंल. पन मला कोनी इचारलं काय? पोर माझं व्हतं. पान्यात ठेवायचं का माळावर ठेवायचं, मला इचारायला घर काय लांब व्हतं?"

पाचव्या दिवशी सकाळी ती आंघोळ करून तयार होऊन बसली. "भावजींना बोलव. माळावर जायचं."

माळ आता माळ राहिलेला नाही. गोडाऊनची उंच भिंत आहे, आणि भिंत नि नाल्याच्या मध्ये एक पट्टा आहे तिथे ट्रक उभे राहतात. एका भैयाने तिथेच चहाची टपरी टाकली आहे. गोडाऊनच्या मॅनेजरला विचारलं तर तो म्हणाला, भिंतीबाहेरचं आमचं नाही, तुम्ही तुमचं बघा. पंचायतीकडून नवा अर्ज मंजूर करून घेतला. काकांना फक्त एक खूण आठवत होती, नाल्याच्या काठावरचा पसरट काळा कातळ. तो जेसीबीला फुटला नव्हता म्हणून जागेवर होता. त्याच्यावर बसून ड्रायव्हर चहा पीत होते.

काका कातळाला पाठ लावून उभे राहिले. डोळे मिटले. मग भिंतीच्या दिशेने सात पावलं टाकली, थांबले, एक पाऊल मागे आले. "इथं."

"भिंत तर तेव्हा नव्हती. हे अंतर तुम्हाला कसं..." पोलीस पाटलांनी विचारलं.

"दादानं पावलं मोजली व्हती. मला मोजायला लावली व्हती," काका म्हणाले. "कोनाला सांगायचं न्हाय तर मोजायची कशाला, ते मला तवा कळलं न्हवतं."

म्हाताऱ्याने खोदायला घेतलं. टपरीवाला विचारायला आला, "क्या निकल रहा है चाचा? पाइपलाइन?" मी म्हटलं, "हाँ, पाइपलाइन." पहिले दोन फूट नुसता भराव, विटांचे तुकडे, प्लास्टिक, फाटक्या ताडपत्रीची चिंधी. त्याखाली माती लागली. म्हाताऱ्याने मूठभर उचलून बोटांत चोळली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. काळी आणि पिवळी एक झालेली होती. त्याने कुदळ बाहेर ठेवली आणि खुरपी घेतली.

हातभर खाली एक चपटा दगड लागला.

"हा मी ठेवलेला," काका म्हणाले. "कोल्ह्यानं उकरू नये म्हनून."

दगड उचलला. खाली जे होतं ते इतकं थोडं होतं की मला आधी दिसलंच नाही. म्हाताऱ्याने बोट दाखवल्यावर दिसलं. वाळलेल्या फांदीच्या काटक्यांसारखी हाडं, मातीच्याच रंगाची, आणि कवटीचे पातळ तुकडे. आई केव्हा खुर्चीवरून उठून काठावर आली ते कळलं नाही. तिला कोणी थांबवलं नाही. म्हाताऱ्याने मातीतून एक काळं कडं काढलं, स्वतःच्या सदऱ्याला पुसलं आणि तिच्या हातावर ठेवलं. तिने ते पदराने घासलं. एका बाजूने चांदी दिसली.

"माझ्या आयनं केलेले वाळे," ती म्हणाली. "हे काढू दिलं न्हवतं मी. सासू बोलत व्हती काढ म्हनून. न्हाय काढू दिलं." मग तिने खड्ड्यात वाकून विचारलं, "जोडीतला दुसरा?"

दुसरा वाळा शोधायला म्हाताऱ्याने खड्डा एका बाजूला वाढवला. वीतभर गेला असेल, आणि थांबला. हाताने माती सारली. पुन्हा कवटीचे तुकडे, आधीच्याहून लहान. त्याने दुसऱ्या बाजूला जरा सारलं, तिथेही काहीतरी होतं. तो खड्ड्यातून बाहेर आला, पाय पुसले आणि त्या खड्ड्याला हात जोडले.

"सायब, इथं एक न्हाय. ही पोरांचीच जागा हाय."

पोलीस पाटलांनी टोपी काढली, परत घातली. "आता मला कळवावं लागेल," ते म्हणाले. "एक असतं तर मी बघून घेतलं असतं. तीन तीन म्हटल्यावर नाही."

तासाभराने पोलिसांची गाडी आली. तोवर टपरीवर गर्दी जमली होती. कोणी मोबाइल वर धरून उभं होतं. हवालदार भला माणूस होता, त्याने आधी सगळ्यांना हाकललं आणि मग गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून पंचनामा लिहायला घेतला. काकांचा जबाब घेतला. म्हाताऱ्याने तिन्ही मुलांची हाडं मांजरपाटावर वेगवेगळी मांडली होती, मध्ये हातभर अंतर सोडून. हवालदाराने ती तीन वेगळ्या पिशव्यांत भरली आणि प्रत्येकीला चिठ्ठी बांधली. मग त्याने आईपुढे हात केला.

"आजी, ते कडं."

"हे माझं हाय."

"तुमचंच आहे. पण मुद्देमालात घ्यावं लागतं. सही करून परत मिळेल."

आईने मूठ उघडली नाही. मीच तिची बोटं एकेक करून सोडवली. तिने मला अडवलं नाही, पण त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशीही बोलली नाही.

मग सुरू झाल्या खेपा. दुकान उघडायचं, माणसाला बसवायचं, आणि चौकीवर जायचं. हाडं तपासायला सरकारी दवाखान्यात गेली, एवढंच कळायचं. डॉक्टर रजेवर आहेत. अहवाल तयार आहे पण सही राहिली आहे. सही झाली आहे पण आवक क्रमांक पडला नाही. घरी आलो की आई दारातच विचारायची, "आला?" जणू तो शाळेतून यायचा होता. मी मान हलवायचो. एकदा तिने विचारलं, "तितं पंखा हाय काय रं?" मला वाटलं तिचं डोकं ठिकाणावर नाही. मग लक्षात आलं, ती उन्हाचा विचार करत होती. ते दिवस वैशाखाचे होते.

दीड महिन्याने बोलावणं आलं. अहवालात लिहिलं होतं की अस्थी किमान तीन बालकांच्या आहेत, सर्व दोन वर्षांच्या आतील, फार जुन्या, इजेची खूण नाही. टेबलावर शिक्का मारलेलं कापडाचं एक गाठोडं होतं, आणि एका पाकिटात वाळा.

"गाठोडं एकच?" मी विचारलं. "तीन पिशव्या दिल्या होत्या."

कारकुनाने कागद उलटेपालटे केले. "तपासताना एकत्र मांडल्या असतील. आलंय ते असंच आलंय."

"पण वेगळ्या होत्या. चिठ्ठ्या होत्या."

"आता कोण वेगळं करणार, साहेब?" तो उर्मटपणे बोलत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच प्रश्न होता. "तुम्हाला नको असेल तर तसं लिहून द्या. बेवारस म्हणून आम्ही विल्हेवाट लावतो. हवं असेल तर ताबा पावतीवर सही करा."

पावतीत एक रकाना होता, मयताशी नातं. कारकून म्हणाला, "तिघांपुढे लिहा. रकाना रिकामा चालत नाही." मी पहिल्या ओळीत भाऊ लिहिलं. दुसऱ्या ओळीत काय लिहावं ते मला कळेना. तो वाट बघत होता, मागे माणसं उभी होती. मी दुसऱ्या ओळीतही भाऊ लिहिलं, आणि तिसरीतही.

शेअर रिक्षाने घरी आलो. गाठोडं मांडीवर होतं. बाजूला दोन माणसं दाटीवाटीने बसली तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "भाई, पार्सल नीचे रख दो, आराम से बैठो." मी म्हटलं, "नहीं, ठीक है." गाठोड्याचं वजन एक नारळ असावा तेवढंही नव्हतं. मी ते दोन्ही हातांनी धरून होतो आणि सारखं वाटत होतं की जास्त घट्ट धरतोय.

आईने ते आतल्या खोलीत सतरंजीवर सोडलं. मी तिला झालेलं सांगितलं. तिला पटेना. ती खाली बसली आणि एकेक तुकडा उचलून बघू लागली. हा मोठा, हा लहान. सव्वा वर्षाचा म्हणजे बाकीच्यांहून मोठाच असणार, असा तिचा हिशोब होता. तिने तीन ढीग करायला घेतले. थोड्या वेळाने ढीग मोडले, पुन्हा लावले. कवटीचा एक तुकडा तिने हातात धरला, त्याच्या आतल्या बाजूने बोट फिरवलं, आणि तो कोणत्या ढिगात ठेवायचा ते तिला ठरवता येईना. दारात माझी बायको उभी होती, ती रडत तिथून निघून गेली. तासाभराने आईने सगळं परत एकत्र केलं आणि गाठ मारली.

"माझा कुटला ते मला बी कलत न्हाय," ती म्हणाली. "मला. आयला."

गावच्या स्मशानाच्या कोपऱ्यात लहान मुलांसाठी जागा ठेवली आहे. तिथे नेण्याआधी गावकमिटीतले एक जण घरी आले. नात्यातलेच. त्यांनी चपला बाहेर काढल्या, पाणी घेतलं आणि म्हणाले, "काकी, तुझ्या पोराला कोणाची ना नाही. पण बाकीचे दोन कोणाचे, कोणाला ठाऊक? भाताच्या लावणीला आलेली पाड्यावरची माणसं पण आपली पोरं माळावर पुरायची. कमिटीत लोक विचारतील."

आईने गाठोडं आणून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. "मंग तू निवड. बस इथं नि माझा येगळा काढून दे. बाकीचे घेऊन जा."

ते गाठोड्याकडे बघत राहिले. मग उठले. "तसं नाही काकी," एवढंच म्हणाले, आणि त्यानंतर कोणी विचारायला आलं नाही.

खड्डा काकांनी खणला. म्हाताऱ्याला बोलावू का, असं मी विचारलं तर त्यांनी नको म्हटलं. रक्तदाबाची गोळी घेऊन, धापा टाकत, थांबत थांबत खणला. आई करंजाखालच्या त्या दिवसापासून त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. ते कमरेएवढ्या खड्ड्यात उभे राहून पुरे का म्हणून वर बघू लागले तेव्हा ती म्हणाली, "अजून खोल खना." त्यांनी खणला. दुसरं काही ती त्यांना बोलली नाही. अजूनही ते घरी आले की चहा माझ्या बायकोच्या हाती पाठवते. त्यांना तिने माफ केलं की नाही, हे मी तिला विचारलेलं नाही. वडिलांबद्दल तर विचारायची सोयच नाही.

गाठोडं खाली ठेवलं, दूध ओतलं. मी पाकिटातला वाळा काढून तिच्याकडे दिला. मला वाटलं ती तोही ठेवेल. तिने तो हातात घेतला आणि खड्ड्याकडे बघत राहिली.

"कोनाच्या पायात घालू?" ती म्हणाली, आणि तो पदराच्या टोकाला बांधून घेतला.

शेताचं खरेदीखत झालं. आठवडाभरात भराव पडला. इथे हे संपलं असतं तर बरं झालं असतं.

पाऊस संपल्यावर एका दुपारी दुकानात एक बाई आली. साठीच्या पुढची, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत आलेली, हातात औषधांची पिशवी. बाहेर लूमचा खडखडाट चालू होता, म्हणून ती काय म्हणते ते मला आधी ऐकू आलं नाही. मी तिला आत घेतलं. तिला आमच्या खोदणाऱ्या म्हाताऱ्याने पत्ता दिला होता. ती त्याच्याच पाड्यावरची.

"तुमी माळावरनं पोरं काडलीत ना?" ती म्हणाली. "माझी पोर व्हती तितं. आठ दिसांची. आमी तुमच्या गावात लावनीला आलतो. नवरा घेऊन गेला नि आला. दुसऱ्या दिशी मी लावनीला उभी राहिले."

मी तिला बसवलं. तिने पाणी घेतलं नाही.

"कमरेला काळा धागा व्हता तिच्या. धाग्यात तांब्याचा पैसा ववलेला, भोकाचा. सापडला काय?"

"नाही," मी म्हटलं. "एक चांदीचा वाळा सापडला. तो माझ्या भावाचा. दुसरं काही नाही."

"मंग ती त्यात न्हाय?"

"असेलही. धागा कुजतो. पैसा खाली कुठे गेला असेल. मला माहीत नाही."

"का अजून तितंच हाय?"

याचंही उत्तर मला माहीत नव्हतं आणि तेच मी तिला सांगितलं. पोलीस आल्यावर खोदणं थांबलं होतं. आम्ही दोन बाजूंना कुठवर गेलो होतो, बाकीच्या बाजूंना काय होतं, ते कोणी पाहिलं नाही. संध्याकाळी खड्डा बुजवला होता. ती माझ्या तोंडाकडे बघत सगळं ऐकत होती. मी खोटं बोलत नाही ना, हे ती तपासत असावी.

मी तिला स्कूटरवरून स्मशानात नेलं. जागा दाखवली. तिने विचारलं, "डोकं कुठल्या बाजूला?" मी म्हटलं, तसं काही ठेवता आलं नाही. तिने वाकून मातीला हात लावला. मग तिला घरी नेलं. आईने तिला आत बोलावलं, भाकरी दिली. दोघी फार बोलल्या नाहीत. आईने एवढंच विचारलं, "दूध आलं व्हतं?" ती म्हणाली, "महिनाभर येत व्हतं."

ती गेल्यावर आईने मला बसवलं आणि सांगितलं की तो सगळा पट्टा खोदून काढायला अर्ज दे. मी काकांना विचारलं, माळावर कोणाकोणाची मुलं नेली होती. त्यांनी डोळे मिटून आठवत पाच घरं सांगितली. त्यातले निम्मे आईबाप आता नाहीत. मी दोन घरी जाऊन आलो. एका घरी म्हातारीने सगळं ऐकून घेतलं आणि अर्जावर अंगठा दिला. दुसऱ्या घरचा मुलगा माझ्याच वयाचा, शाळेत माझ्या वर्गात होता. त्याने मला ओटीवरच थांबवलं.

"तुझ्या आईला कळायचं ते कळलं," तो म्हणाला. "माझ्या आईला यातलं काही माहीत नाही. तिला हार्टचा त्रास आहे. तू आत येऊ नको."

आत टीव्ही चालू होता. त्याची आई टीव्हीपुढे बसून लसूण सोलत होती. तिने मान वर करून कोण आहे ते पाहिलं, मला ओळखलं आणि हसली. "ये ना, दारात काय उभा?" म्हणाली.

मी तिला म्हटलं, "नाही काकी, घाईत आहे." आणि निघालो.

अर्ज पंचायतीत पडून आहे. ग्रामसेवक म्हणतात, पट्टा नाल्यात येतो की रस्त्यात येतो ते आधी मोजणीने ठरलं पाहिजे. पाड्यावरची बाई दर पंधरा दिवसांनी औषध घ्यायला भिवंडीत येते, तेव्हा दुकानाच्या पायरीशी थांबते. आत येत नाही. मी काउंटरवरून नाही अशी मान हलवतो आणि ती पुढे जाते.